डिस्क भरली, आता काय उडवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिस्क भरल्याची लाल पट्टी दिसली की माणूस घाईघाईत समोर दिसेल ते उडवायला लागतो. बहुतेक वेळा होतं काय, तर चार-दोन केबीची जुनी पत्रं आणि काही फोटो जातात, आणि चाळीस जीबीची कुठलीशी फाइल आत सुखाने नांदत राहते. चोर सोडून संन्याशाला फाशी. खालचे बरेचसे प्रश्न या गोंधळातूनच येतात. उत्तरं विंडोज, मॅक आणि लिनक्स वापरणाऱ्या सगळ्यांसाठी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं वेगळं सांगितलं आहे.

डिस्क जवळजवळ भरली आहे. सुरुवात कुठून करू?

आधी काहीच उडवू नका, फक्त मोजा. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या “स्टोरेज” पानावर आणि मॅकवर सिस्टीम सेटिंग्जच्या “जनरल”मध्ये ढोबळ हिशेब मिळतो. पण “अ‍ॅप्स अमुक जीबी, इतर तमुक जीबी” एवढ्याने भागत नाही, कारण खरी मेख त्या “इतर”मध्येच असते.

त्यासाठी डिस्कचा नकाशा काढणारी साधनं आहेत. विंडोजवर विनडरस्टॅट किंवा विझट्री, मॅकवर ग्रँडपर्स्पेक्टिव्ह, लिनक्सवर बाओबाब, फाइललाइट, आणि टर्मिनलमध्येच काम करायचं असेल तर एनसीडीयू. विनडरस्टॅट प्रत्येक फाइलची एक रंगीत चौकट काढतं. फाइल जेवढी मोठी तेवढी चौकट मोठी. पहिल्यांदा पाहणारा माणूस हमखास दचकतो. पडद्याचा बराचसा भाग मोजक्या मोठ्या चौकटींनीच भरलेला असतो आणि आयुष्यभर टाइप केलेली सगळी कागदपत्रं मिळून एका कोपऱ्यात बारीक कणीसारखी दिसतात. सगळ्यात मोठ्या चौकटीवर क्लिक करा. कधीच न खेळलेला गेम, विसरलेलं व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक), जुन्या फोनचा बॅकअप किंवा दोनदा कॉपी झालेला व्हिडिओंचा फोल्डर, यातलं काहीतरी निघण्याची शक्यता दाट.

प्रमाण लक्षात यावं म्हणून एक हिशेब. फोनवर ४के व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेमने घेतला तर मिनिटाला साधारण ४०० एमबी लागतात. दहा मिनिटांचा एक व्हिडिओ झाला ४ जीबी. तेवढ्याच जागेत अर्ध्या एमबीची आठ हजार कागदपत्रं मावतात. कागदपत्रं एकेक उघडून “ही ठेवू की नको” करत बसणं म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणं.

२५६ जीबीची डिस्क घेतली, पण विंडोज २३८ जीबीच दाखवतं. बाकीची जागा कुणी खाल्ली?

कुणीच नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, म्हणजे त्याचा १ जीबी सुमारे १०७ कोटी ३७ लाख बाइटचा. म्हणून १ टीबीची डिस्क तिथे ९३१ जीबी दिसते. मॅक २००९ पासून निर्मात्यांच्याच हिशेबाने मोजतो, त्यामुळे तीच डिस्क मॅकला लावली की आकडा “वाढतो”. ही जागा परत मिळवून देतो म्हणणारं सॉफ्टवेअर कुणी सुचवलं, तर कानाडोळा करा.

काय ठेवायचं आणि काय उडवायचं, हे ठरवायचं तरी कसं?

“हे पुढेमागे लागेल का?” असं स्वतःला विचारलं की उत्तर नेहमी “लागेल बुवा” असंच येतं आणि काही म्हणता काही उडत नाही. त्यापेक्षा असं विचारा: हे आज गेलं आणि उद्या लागलंच, तर परत कुठून मिळेल आणि किती खटपट पडेल?

या प्रश्नाने डिस्कवरच्या मालाची आपोआप वाटणी होते. काही गोष्टी जशाच्या तशा परत मिळतात: सॉफ्टवेअरचे इन्स्टॉलर, गेम, लिनक्सच्या आयएसओ (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत असलेल्या) फाइल्स, ऑफलाइन पाहायला उतरवलेले सिनेमे, ब्राउझरची कॅश (पानं लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या प्रती). यांची किंमत म्हणजे फार तर पुन्हा डाउनलोड करायला लागणारा वेळ आणि डेटा. एवढीच खबरदारी घ्यायची की जे सॉफ्टवेअर आता कुठे मिळतच नाही त्याचा इन्स्टॉलर या वर्गात येत नाही. आणि गेम काढण्याआधी त्याचे सेव्ह क्लाउडवर जातात की नाही ते बघा. सगळ्या गेमचे जात नाहीत.

काही गोष्टी परत मिळत नाहीत, पण परत बनवता येतात. व्हिडिओ संपादन करणाऱ्यांच्या डिस्कवर हाच माल सगळ्यात जास्त असतो. प्रोजेक्टची फाइल काही एमबीची, पण तिच्याभोवती प्रीव्ह्यू, प्रॉक्सी (संपादनापुरत्या बनवलेल्या हलक्या प्रती), रेंडर आणि मीडिया कॅश मिळून दहा-वीस-पन्नास जीबी सहज साचतात. मूळ चित्रण आणि प्रोजेक्ट फाइल शाबूत असेल तर बाकीचं सगळं पुन्हा तयार होतं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांचे बिल्ड फोल्डर आणि नोड मॉड्यूल्सचे (जावास्क्रिप्ट प्रोजेक्टसाठी उतरवलेल्या पॅकेजांचे) डोंगर याच जातीचे: पॅकेजांची यादी आणि लॉक फाइल जवळ असली की एका कमांडमध्ये सगळं परत उभं राहतं. डॉकर (प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त डब्यांत चालवणारं साधन) वापरत असाल तर त्याच्या इमेज, म्हणजे तयार साचे, उडवायला हरकत नाही. व्हॉल्यूमला, म्हणजे त्याच्या डेटा साठवायच्या जागेला, मात्र न बघता हात लावू नका, डेटाबेस तिथेच बसलेला असतो.

उरतं ते एकदा गेलं की गेलं असं. स्वतः काढलेले फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग, प्रबंधासाठी गोळा केलेली माहिती, हिशेब, स्कॅन केलेली कागदपत्रं, स्वतःचं लिखाण. गंमत अशी की व्हिडिओ सोडले तर हा सगळा माल आकाराने किरकोळ असतो.

जागेच्या टंचाईत नेमकं हेच हातचं जाणं मोठमोठ्या संस्थांनाही चुकलेलं नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ चे अंतराळवीर चंद्रावर चालले, त्याचं थेट यानाकडून आलेलं चांगल्या दर्जाचं चित्रण डेटा टेपांवर साठवलं होतं. पुढे टेपांची चणचण भासली तेव्हा त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, या निष्कर्षावर नासा २००९ मध्ये आली. आज आपण जे पाहतो ते दूरचित्रवाणीवर प्रसारित झालेल्या, कमी दर्जाच्या प्रतींवरून सुधारून घेतलेलं. त्या प्रती वाचल्या, कारण त्या दुसरीकडे होत्या.

थोडक्यात, आकार आणि परत मिळण्याची शक्यता ही दोन मापं एकदम लावा. मोठं आणि परत मिळणारं असेल ते आधी उडवा. लहान आणि न मिळणारं असेल तिकडे फिरकूसुद्धा नका. लहान आणि परत मिळणारं राहिलं तर राहू द्या, त्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. खरा विचार करायला लावणारा वर्ग एकच, मोठं आणि कधीच परत न मिळणारं, म्हणजे घरचे व्हिडिओ, मूळ रेकॉर्डिंग. ते दुसरीकडे हलवायचं असतं. त्याबद्दल पुढे येईलच.

जुन्या फाइल्स आधी उडवल्या तर चालेल ना? दोन वर्षांत उघडलेल्याच नाहीत.

वय हा फार कच्चा निकष आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्याचं स्कॅन दहा वर्षं कुणी उघडत नाही आणि अकराव्या वर्षी रात्री बारा वाजता शोधायची वेळ येते. उलट कालच केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग ६ जीबीचं असतं आणि काम झाल्यावर आजच उडवण्याजोगं असतं.

शिवाय “शेवटचं कधी उघडलं” ही तारीखही भरवशाची नसते. अनेक संगणकांवर वेग राखण्यासाठी ती प्रत्येक वेळी नोंदवलीच जात नाही, आणि काही वेळा फाइल तुम्ही नाही तर दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामने उघडलेली असते. तारखेचा उपयोग शोध घेण्यापुरता करा, निकाल तिच्यावर देऊ नका.

डाउनलोड्स फोल्डर सरसकट रिकामा करू का?

सरसकट नको, पण सुरुवातीला सगळ्यात जास्त जागा बहुधा इथेच सुटते. फोल्डर उघडा, “डिटेल्स” दृश्य निवडा आणि आकारानुसार लावा. वरच्या वीस-पंचवीस ओळींत नेहमीचे यशस्वी दिसतील: एकाच इन्स्टॉलरच्या तीन प्रती (नावापुढे कंसात १, कंसात २), झिप फाइल आणि शेजारीच तिच्यातून काढलेला फोल्डर, एकदाच वापरलेली आयएसओ, आणि कुणीतरी पाठवलेला, पाहून झालेला व्हिडिओ. हे निःशंक जाऊ द्या.

धोका वेगळाच असतो. ईमेलला जोडून आलेली फाइल आपण डाउनलोड करतो, तिथेच उघडतो, तिच्यात बदल करतो आणि सेव्ह करतो. ईमेलमधली प्रत जुनी राहते, बदललेली एकमेव प्रत डाउनलोड्समध्ये पडून असते. म्हणून वर्ड, एक्सेल आणि पीडीएफ फाइल्स आधी दुसऱ्या फोल्डरात काढून ठेवा, मग बाकीच्याकडे वळा.

विंडोज वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. स्टोरेजमधल्या “टेम्पररी फाइल्स”च्या यादीत “डाउनलोड्स” हीसुद्धा एक चौकट असते. वर-खाली सगळीकडे टिक मारत सुटलात तर ती पण टिक होते आणि अख्खा फोल्डर साफ होतो.

सी ड्राइव्हवर विंडोजच्याच काही अवाढव्य फाइल्स दिसतात. त्या काढल्या तर?

हाताने एकही काढू नका. पण काहींची सोय सरळ मार्गाने लावता येते.

“विंडोज.ओल्ड” हा फोल्डर मोठं अपग्रेड झाल्यावर उरतो, जुन्या आवृत्तीवर परत जाता यावं म्हणून. सगळं नीट चालतंय अशी खात्री असेल तर टेम्पररी फाइल्सच्या पानावरून काढा. नाही काढलात तरी साधारण दहा दिवसांनी विंडोज तो आपणहून काढतं.

“हायबरफिल” ही फाइल हायबरनेट करण्यासाठी, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून संगणक बंद करण्यासाठी असते आणि तिचा आकार रॅमवर ठरतो. १६ जीबी रॅम असेल तर ती साधारण ६ जीबीच्या आसपास भरते. हायबरनेट कधीच वापरत नसाल तर ते कमांडने बंद करता येतं, मग फाइल आपोआप जाते. बदल्यात “फास्ट स्टार्टअप” पण बंद होतं. लहान डिस्कवर हा सौदा मला परवडणारा वाटतो.

“पेजफाइल” रॅम कमी पडल्यावर कामी येते. ती राहू द्या.

“विनएसएक्सएस” फोल्डर बघून अनेकांच्या पोटात गोळा येतो, कारण एक्सप्लोरर तो भलामोठा दाखवतो. त्यातल्या बऱ्याच फाइल्स विंडोजच्या इतर फोल्डरांतल्या फाइल्सचीच दुसरी नावं असतात आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. जुन्या अपडेटचा कचरा त्यात खरोखरच असतो, पण तो विंडोजच्या स्वतःच्या सफाईतूनच काढायचा. हाताने काढायला गेलात तर विंडोज पुन्हा टाकायची पाळी येईल.

मॅकवर “सिस्टीम डेटा” नावाखाली ऐंशी-नव्वद जीबी दिसतात. हे काय आहे?

कशातच न बसणाऱ्या सगळ्या गोष्टींचा गठ्ठा. त्यात बऱ्याचदा टाइम मशीनचे (मॅकच्या बॅकअप सोयीचे) डिस्कवरच राहिलेले स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या स्थितीच्या नोंदी, असतात. ते साधारण दिवसभर टिकतात आणि जागा लागली की मॅक ते स्वतःच सोडून देतो, म्हणून उद्या परत बघा, आकडा उतरलेला असू शकतो. आयफोन किंवा आयपॅडचे मॅकवर घेतलेले बॅकअप हा दुसरा मोठा गिऱ्हाईक. फोन केबलने जोडून फाइंडरमधल्या “मॅनेज बॅकअप्स”मध्ये गेलात की यादी दिसते. विकून टाकलेल्या फोनचा बॅकअप तिथे सापडणं नवलाचं नाही. एक्सकोड वापरत असाल तर त्याचा “डिराइव्हड डेटा” आणि जुने सिम्युलेटर बघा.

लिनक्सवर?

पॅकेज मॅनेजरची कॅश, जर्नलचे लॉग, न वापरलेली फ्लॅटपॅक रनटाइम आणि जुने कर्नल (सिस्टीमचा गाभा), या क्रमाने बघा. चालू कर्नल आणि त्याच्या आधीचा एक ठेवा. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये डिस्क तयार होतानाच ५ टक्के जागा रूट (सर्वाधिकारी) वापरकर्त्यासाठी राखली जाते. नुसती साठवणीची १ टीबी डिस्क असेल तर त्या ५० जीबींचा काही उपयोग नसतो, तिथे हे प्रमाण कमी करता येतं. सिस्टीम ज्या पार्टिशनवर आहे तिथे मात्र ते असू द्यावं.

फोटो हजारो आहेत. त्यातले कुठले काढू?

फोटोंपाशी सगळे अडतात, कारण हे काम मनाने करायचं असतं आणि मन दमतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी व्हिडिओ. फोटोंच्या फोल्डरातली बहुतेक जागा व्हिडिओच खातात. खिशात असताना चुकून सुरू झालेले, अंधारात घेतलेले, वीस मिनिटांच्या कार्यक्रमाचे हलते चित्रण, जे घेणाऱ्यानेही पुन्हा पाहिलेलं नाही. अर्ध्या तासात हे संपतं आणि सुटलेली जागा पाहून पुढच्या कामाला हुरूप येतो.

मग स्क्रीनशॉट. तिकिटं, ओटीपी, पत्ते, कुठल्यातरी वस्तूची किंमत. एकेक लहान असला तरी ढिगाने असतात आणि यांच्यात जीव अडकलेला नसतो. त्यानंतर चॅटमधून आलेल्या शुभेच्छांची चित्रं. ती लाखो लोकांकडे आहेत, आपल्याकडे नसली तरी चालतील.

शेवटी स्वतःचे फोटो. इथे एकेक फोटो उघडून “उडवू का?” असं विचारू नका. एका क्षणाचे सात-आठ फोटो ओळीने असतात, त्यातला “कुठला ठेवू?” असं विचारा. निवडणं सोपं जातं, टाकणं जड जातं. ज्या फोटोत आता नसलेली माणसं आहेत, त्यात निवड करूच नका. धूसर असला तरी राहू द्या. त्याने वाचून वाचणार किती, तर ३ एमबी.

रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) स्वरूपात फोटो काढणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. रॉ फाइल सहज २०-३० एमबीची असते. नापसंत केलेल्या फोटोंची रॉ उडवा, पसंत केलेल्यांची ठेवा. सगळ्यांची जेपेग ठेवून सगळी रॉ उडवणं मला पटत नाही, ती निगेटिव्ह आहे.

एकसारख्या फाइल्स शोधणारं सॉफ्टवेअर वापरू का?

जरूर. डुपगुरु आणि चकाव्का ही त्यातली मोफत साधनं. फाइलचं नाव काहीही असो, आतला मजकूर सारखा आहे का हे ती हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) काढून तपासतात. शोध फक्त स्वतःच्या फोल्डरांपुरता ठेवा. सिस्टीमच्या आणि प्रोग्रामच्या फोल्डरांत एकसारख्या फाइल्स असतातच आणि त्या प्रत्येक जागी लागतात. “साधारण सारखे” फोटो शोधणारा पर्याय वापरलात तर निकाल डोळ्यांनी बघा, कारण त्याच्या दृष्टीने सारखे असलेले दोन फोटो तुमच्या दृष्टीने वेगळे असू शकतात. आणि उडवताना थेट न उडवता रिसायकल बिनमध्ये पाठवा.

सगळं क्लाउडवर आहे. मग लॅपटॉपवरून उडवलं तर काय बिघडतं?

क्लाउडवर “आहे” म्हणजे नेमकं कसं आहे, यावर सगळं अवलंबून. वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड हे बहुतेक वेळा सिंक करतात. सिंक म्हणजे दोन्हीकडे एकच स्थिती राखणं. तुम्ही लॅपटॉपवर फाइल उडवली की ती क्लाउडवरून आणि मग फोनवरूनही उडते. लोक याला बॅकअप समजतात आणि इथेच फसतात.

जागा सोडवायची असेल तर उडवण्याचा पर्याय नव्हे, “जागा मोकळी करा” अशा अर्थाचा पर्याय वापरा. वनड्राइव्हमध्ये फाइलवर उजवं क्लिक केलं की “फ्री अप स्पेस” येतं. मग फाइलचं नाव आणि चिन्ह जागेवरच राहतं, मजकूर मात्र फक्त क्लाउडवर उरतो. खात्री करायची असेल तर त्या फाइलची प्रॉपर्टीज उघडा: “साइज” समोर जुनाच आकडा दिसेल, पण “साइज ऑन डिस्क” समोर शून्य. इंटरनेट नसेल तेव्हा ती उघडणार नाही, म्हणून प्रवासाला निघण्याआधी लागणाऱ्या फाइल्स पुन्हा उतरवून ठेवा. मॅकवर आयक्लाउड ड्राइव्हमध्ये “रिमूव्ह डाउनलोड” हा तोच प्रकार, आणि फोनवर गूगल फोटोजमध्येही “फ्री अप स्पेस” आहे.

क्लाउडलाही सीमा आहेत. गूगलचे मोफत १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज तिघांत मिळून असतात. फोटो अमर्याद ठेवायची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आयक्लाउडवर मोफत ५ जीबीच मिळतात. जीमेल भरलं असेल तर एकेक पत्र उडवू नका, शोधाच्या पर्यायात आकार टाकून १० एमबीच्या वरची पत्रं आधी काढा.

एक्सटर्नल डिस्कवर कॉपी केलं आणि लॅपटॉपवरून उडवलं. आता निर्धास्त ना?

आधी एक प्रत लॅपटॉपवर होती, आता एक प्रत एक्सटर्नलवर आहे. प्रतींची संख्या एकच राहिली आणि ती आता अशा डिस्कवर आहे जी टेबलावरून पडू शकते. जे परत मिळणार नाही त्याच्या दोन प्रती तरी दोन वेगळ्या जागी हव्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर, हा जाणकारांचा जुना नियम आहे; घरगुती वापरात एक प्रत एक्सटर्नलवर आणि एक क्लाउडवर असली तरी पुष्कळ.

उडवण्याआधी कॉपी झालेल्या फाइल्स त्या डिस्कवरून उघडून पाहा, फक्त नावं पाहून समाधान मानू नका. फोल्डरातल्या फाइल्सची संख्या आणि एकूण बाइट दोन्हीकडे जुळतात का ते बघा. पेनड्राइव्ह नेण्या-आणण्यासाठी ठीक; वर्षानुवर्षं कपाटात ठेवायची एकमेव प्रत त्यावर ठेवू नका.

झिप केलं तर जागा वाचेल?

मजकूर, सीएसव्ही, लॉग, डेटाबेस असेल तर भरपूर. जेपेग, एमपी३, एमपी४ आधीच दाबून लहान केलेले असतात. झिप करून हाती काही लागत नाही. व्हिडिओ लहान करायचे तर हँडब्रेकसारख्या साधनाने एच.२६५ या नव्या व्हिडिओ स्वरूपात बदला. जुन्या एच.२६४ च्या तुलनेत साधारण तोच दर्जा जवळपास निम्म्या आकारात बसतो. वेळ लागतो आणि दर्जा थोडा तरी घटतोच, म्हणून कौतुकाच्या चित्रणाला हे करू नका.

इतकं उडवलं तरी जागा वाढलेली दिसत नाही. असं का?

सगळ्यात साधं कारण म्हणजे रिसायकल बिन किंवा ट्रॅश रिकामा केलेला नाही. फोटोंच्या अ‍ॅपचा “रिसेंटली डिलीटेड” अल्बम वेगळा असतो, तोही बघा. त्याशिवाय:

- मॅकवर उडवलेली फाइल एखाद्या स्नॅपशॉटमध्ये धरून ठेवलेली असू शकते. विंडोजचे रिस्टोअर पॉइंटही स्वतःची जागा धरून बसतात.
- थंडरबर्डसारख्या ईमेल प्रोग्राममध्ये पत्र उडवलं तरी आतली मोठी फाइल तेवढीच राहते. “कॉम्पॅक्ट” केल्यावरच ती आकसते.
- व्हर्च्युअल मशीनची आपोआप वाढणारी डिस्क आतल्या फाइल्स उडवून लहान होत नाही. ती वेगळी आकसवावी लागते.
- लिनक्सवर चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल उडवली तर तो प्रोग्राम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही. सर्व्हरवर भलामोठा लॉग उडवूनही डिस्क भरलेलीच दिसते, ती यामुळे.

चुकून हवी ती फाइल उडाली. परत मिळेल का?

आधी बिन बघा, मग क्लाउडचा ट्रॅश. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. आयक्लाउडच्या फोटोंचंही तेच. विंडोजमध्ये शिफ्ट-डिलीट केलेली किंवा पेनड्राइव्हवरून उडवलेली फाइल बिनमध्ये जात नाही, सरळ जाते.

तिथे नसेल तर त्या क्षणापासून त्या डिस्कवर काहीही लिहू नका. ब्राउझरही उघडू नका, कारण तोसुद्धा कॅश लिहीत असतो. फाइल परत आणणारं सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं म्हणजे हरवलेल्या फाइलवर स्वतःच लिहिणं. ते दुसऱ्या संगणकावर घेऊन तिथून चालवा. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कवर फोटोरेकसारख्या साधनाने बरंच हाती लागू शकतं, कारण उडवताना फक्त जागा “मोकळी” अशी नोंद होते, मजकूर तसाच असतो. एसएसडीवर ती आशा फार कमी. ट्रिम नावाची सूचना मिळाली की एसएसडी त्या जागेतला मजकूर स्वतःहून साफ करून टाकते.

डिस्क किती रिकामी ठेवावी?

दहा ते वीस टक्के. २५६ जीबीच्या डिस्कवर २५ ते ५० जीबी. एवढी जागा वाया जात नाही: अपडेट उतरवायला आणि उलगडायला, रॅम कमी पडली तर पेजिंगला, मोठी फाइल सेव्ह करताना तात्पुरत्या प्रतीला ती लागते. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेगही घसरतो, कारण नवं लिहिण्याआधी तिला जुन्या ब्लॉकमधला माल इकडून तिकडे हलवावा लागतो.

एका क्लिकमध्ये सफाई करणारं क्लीनर अ‍ॅप घेऊ का?

नको. ब्राउझरची कॅश ते रिकामी करतं, आठवड्याभरात ती पुन्हा भरते. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करून जागा सुटत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो. तात्पुरत्या फाइल्स आणि बिन साफ करायचं काम विंडोजचं “स्टोरेज सेन्स” फुकटात करतं.

ऑफिसच्या किंवा घरातल्या सामायिक संगणकावरचं उडवायचं असेल तर?

फाइल ज्याची, निर्णय त्याचा. ऑफिसात हिशेब, करार, पत्रव्यवहार किती वर्षं राखायचा याचे नियम असतात, ते विचारल्याशिवाय हात लावू नका. घरात “उडवायचं” नावाचा एक फोल्डर करा, संशयित माल त्यात हलवा आणि सगळ्यांना सांगून महिनाभर थांबा. कुणी काही मागितलं नाही तर फोल्डर रिकामा करा.

हे सगळं करूनही जागा पुरत नाही.

मग उडवून भागणार नाही, जागाच वाढवावी लागेल. लॅपटॉपची एसएसडी बदलता येते की बोर्डावरच सोल्डर केलेली (कायमची जोडलेली) आहे ते आधी मॉडेलच्या माहितीपत्रकात बघा. अलीकडच्या मॅकबुकवर आणि बऱ्याच पातळ लॅपटॉपवर ती सोल्डर केलेली असते. बदलता येत असेल तर दुप्पट क्षमतेची घ्या आणि जुनीवरून नवीवर सगळं क्लोन (जसंच्या तसं कॉपी) करून घ्या. बदलता येत नसेल तर एक एक्सटर्नल एसएसडी घ्या आणि आधी गेम, व्हर्च्युअल मशीन आणि संपादनाचा मीडिया तिच्यावर हलवा. बहुतेक गेम लाँचरमध्ये फोल्डर हलवायची सोय सेटिंग्जमध्येच असते. फाइल्स हाताने कापून नेल्या तर गेम सापडत नाही आणि सगळं पुन्हा उतरवायला लागतं.